आड आणि पोहरा: ‘डेरिव्हेटिव्ह’ या शब्दाचे कायद्यातले आणि बाजारातले अर्थ

गेल्या जुलैत, रिटर्न भरायच्या ऐन गर्दीत, हुक्केरी तालुक्यातले एक काका माझ्याकडे आले. मी कर सल्लागार, बेळगावात टिळकवाडीत बसतो. काकांनी पिशवीतून दोन कागद काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडले. पहिला होता बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाचा अभिप्राय. काकांना ट्रॅक्टरसाठी कर्ज हवं होतं आणि जमीन तारण द्यायची होती. दुसरा म्हणजे धाकट्या मुलाच्या ब्रोकरनं पाठवलेला वर्षाचा हिशेब, थोरल्यानं छापून आणलेला. दोन्ही इंग्रजीत. काका सातवी शिकलेले. इंग्रजी वाचत नाहीत, पण अक्षराला अक्षर जुळवता येतं. दोन्ही कागदांवर एक लांबलचक शब्द सारखाच दिसला, म्हणून त्यांनी त्याच्याभोवती निळ्या बॉलपेननं गोल काढला होता.

“हे बघा की. हितंबी तेच, तितंबी तेच. पोरगं आमच्या रानावर सट्टा लावून बसलंय काय?”

शब्द होता डेरिव्हेटिव्ह.

हसू आलं, पण दाबलं. एकच शब्द जमिनीच्या कागदावरही आहे आणि पैसे बुडालेल्या कागदावरही आहे, म्हटल्यावर कुणाच्याही पोटात गोळा येईल. शिवाय प्रश्न अगदी बरोबर होता. या दोन गोष्टींना एकच नाव का? त्या दिवशी समोर आठ-दहा माणसं ताटकळत असताना काकांना जे सांगितलं, तेच इथे जरा ऐसपैस सांगतो.

शाळेत मराठीच्या बाईंनी शब्दांचे दोन प्रकार शिकवलेले आठवत असतील: सिद्ध आणि साधित. ‘खेळ’ हा सिद्ध शब्द. त्यापासून खेळाडू, खेळकर, खेळणं हे साधित. साधित शब्द नवा असतो, स्वतःच्या पायावर उभा असतो, पण त्याच्या पोटात मूळ शब्द असतोच. डेरिव्हेटिव्ह म्हणजे साधित, दुसऱ्या कशावरून तरी आलेलं. कोशात याला ‘व्युत्पन्न’ असंही म्हणतात. पण आपल्याकडे व्युत्पन्न म्हटलं की उपरणं घेतलेले शास्त्रीबुवा डोळ्यांसमोर येतात, म्हणून मी साधितच म्हणेन.

तेव्हा हा शब्द कुठेही भेटला की पहिला प्रश्न एकच: याचं मूळ काय? कायदा आणि बाजार इथपर्यंत हातात हात घालून येतात. पुढे दोघांची वाट फुटते, ती कुठे ते बघू.

आधी वकिलाचा कागद. त्यात लिहिलं होतं की अर्जदाराची मालकी साधित आहे. ही काही दोष दाखवणारी गोष्ट नव्हे. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाची मालकी साधितच असते. बापाकडून वारशानं आली, कुणाकडून खरेदी केली, वाटणीत मिळाली, बक्षीसपत्रानं मिळाली. प्रत्येक वेळी आपला हक्क आधीच्या कुणाच्या तरी हक्कातून निघालेला असतो, आणि त्याचा त्याच्या आधीच्या कुणाच्या तरी. वकील ही साखळी उलटी चढत जातात. पलीकडे कोल्हापुरात त्यासाठी सातबारा आणि इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्तांची सूची) बघतात, इकडे कर्नाटकात आपण आरटीसीचा उतारा (आपला सातबारा) आणि ईसी, म्हणजे बोजा आहे-नाही याचा दाखला, काढतो. कागद वेगळे, काम तेच.

मूळ मालकी, म्हणजे जिच्यामागे कुणीच नाही अशी, फार थोड्यांची असते. आपल्या भागातलं तिचं जवळचं उदाहरण म्हणजे कुळकायद्यातली जमीन. कर्नाटकाच्या भूसुधारणा कायद्यातल्या दुरुस्तीनं 1 मार्च 1974 रोजी कुळांकडच्या जमिनी आधी सरकारच्या झाल्या. मग ज्यांनी सात नंबरचा फॉर्म भरला त्यांना ट्रिब्युनलनं भोगवट्याचा हक्क दिला आणि दहा नंबरचा दाखला मिळाला. अशा घरातल्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, ‘आमची जमीन पाटलाची होती.’ होती खरी, पण त्याचा हक्क पाटलाच्या हक्कातून आलेला नाही. मधे सरकार उभं आहे आणि साखळी तिथूनच सुरू होते. पाटलाच्या नातवानं आज जुना कर्जाचा कागद पुढे केला तरी तो बोजा त्या जमिनीवर चढत नाही, कारण जमीन सरकारकडे आली तीच जुने बोजे उतरवून.

बाकी सगळ्यांसाठी नियम एक. रोमन काळापासून वकील तो लॅटिनमध्ये म्हणतात. आपल्या आज्या जास्त चांगल्या म्हणायच्या: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? देणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. वाटणी न झालेली जमीन एकट्या भावानं विकली तर घेणाऱ्याला त्या भावाचा हिस्सा मिळतो. बहिणीचा हिस्सा बहिणीचाच राहतो, मग उताऱ्यावर कुणाचंही नाव असो. उतारा ही महसुलाची नोंद आहे, सारा कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी. त्यानं मालकी जन्माला येत नाही, हे न्यायालयांनी कितीतरी वेळा सांगितलं तरी लोक उतारा दाखवूनच सौदे करतात. मालाच्या बाबतीतही हाच नियम 1930 च्या मालविक्री कायद्यात, 27 व्या कलमात आहे. चोरीची मोटारसायकल तुम्ही पूर्ण पैसे देऊन घेतलीत तरी ती तुमची होत नाही.

नियमाला अपवाद आहेत, आणि एक गमतीचा आहे. चेक, हुंडी, प्रॉमिसरी नोट असे कागद योग्य मोबदला देऊन, मुदतीपूर्वी, मनात खोट न ठेवता ज्याच्या हाती आले, त्याचा हक्क देणाऱ्यापेक्षाही चोख ठरू शकतो. 1881 चा कायदा आहे हा. व्यापाऱ्यांनी प्रत्येक हुंडीचा इतिहास शोधत बसायचं म्हटलं तर पेठ बंद पडेल, म्हणून कायद्यानं इथे डोळे मिटले. पोहऱ्यात आडापेक्षा जास्त पाणी यायची ही दुर्मीळ जागा.

आता संचकाराबद्दल. आपल्याकडे जमिनीचा सौदा ठरला की पाच-दहा टक्के रक्कम देऊन संचकारपत्र करतात. वरच्या मराठीत त्याला इसार म्हणतात आणि कागदाला साठेखत. ‘हक्कावर संचकार आला’ असं वर्तमानपत्रं लिहितात तो शब्द हाच. कुणीतरी आगाऊ पैसे ठेवून माल आधीच अडकवला, असा त्याचा अर्थ. कायद्याच्या नजरेत संचकारपत्रानं जमिनीत काहीच हक्क मिळत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 54 वं कलम हे स्वच्छ सांगतं. मिळतो तो एक वेगळाच साधित हक्क: ठरल्या मुदतीत, ठरल्या भावात खरेदीखत करून मागण्याचा.

आणि तरीही या कागदाला किंमत असते. प्लॉट 30 लाखांना ठरला, तुम्ही 2 लाख संचकार दिला, मुदत 11 महिने. मधेच जवळून रिंगरोड जाणार अशी हवा उठली आणि भाव 40 लाखांवर गेला. आता तुमच्या हातातल्या कागदाची किंमत किती? जमीन तुमची नाही, अजून पूर्ण पैसेही दिलेले नाहीत, पण कागदाच्या पोटात 10 लाख आहेत. दलाल लोक असे कागद पुढच्याला विकतातही, आणि मग पुढचा माणूस तिसऱ्याला. साहजिकच मूळ मालकाचा हक्क खोटा निघाला की सगळी माळ एकदम तुटते. पण ते बाजूला ठेवा. इथे जे घडलं ते नीट बघा, कारण शेअर बाजारातलं डेरिव्हेटिव्ह समजायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. वस्तू हलली नाही, वस्तूचा भाव हलला, आणि वस्तूवर लिहिलेल्या कागदाला स्वतःची किंमत आली.

बाजाराकडे वळण्याआधी कायद्यातले आणखी दोन-तीन अर्थ उरकून घेतो.

एक कॉपीराइटचा. मूळ कलाकृतीवरून केलेल्या भाषांतराला, नाट्यरूपांतराला अमेरिकेच्या कायद्यात साधित कृती म्हणतात. आपल्या 1957 च्या कायद्यात तो शब्द नाही. तिथे भाषांतर आणि रूपांतर असे साधे शब्द आहेत, पण कल्पना तीच. दोन भाषांच्या गावात राहणाऱ्यांना हे माहीत हवं. एखादी कन्नड कथा आवडली, दिवाळी अंकासाठी मराठीत केली, तर मूळ लेखकाची परवानगी लागते. लेखक वारला असेल तर त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं वारसांची लागते. पण परवानगी घेऊन केलेल्या भाषांतरावर भाषांतरकाराचाही स्वतंत्र हक्क तयार होतो. उद्या कुणी त्या मराठी कथेवरून एकांकिका बसवली तर त्यानं दोघांनाही विचारायला हवं. बसवण्णांची वचनं बाराव्या शतकातली, त्यांवर कुणाची मालकी नाही. मात्र अलीकडच्या कुणा कवीनं केलेला त्यांचा मराठी अनुवाद फुकटचा नव्हे. लोक इथे हमखास चुकतात.

दुसरा अर्थ कंपनी कायद्यातला, आणि तो मला आवडतो. समजा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तीन चुलतभावांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. दोघं संचालक आहेत, तिसऱ्याकडे नुसते शेअर्स. संचालकांनी चांगलं चालू मशीन भंगाराच्या भावात आपल्याच मुलाच्या फर्मला विकलं. नुकसान कुणाचं झालं? कायदा म्हणतो कंपनीचं, तेव्हा दावाही कंपनीनंच लावावा. इंग्लंडमधल्या 1843 च्या फॉस विरुद्ध हार्बॉटल या निकालापासूनचा हा नियम. पण कंपनीच्या वतीनं सही कोण करणार? तेच दोघं, ज्यांनी मशीन विकलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. म्हणून मग अपवाद आला: अशा वेळी भागधारक कंपनीच्या नावानं भांडू शकतो. त्याचा स्वतःचा हक्क नाही, कंपनीचा हक्क तो उसना घेऊन चालवतो, म्हणून हा साधित दावा. जिंकला तरी पैसे त्याच्या खिशात येत नाहीत, कंपनीच्या खात्यात जातात. भारतात आता बहुतेक लोक त्याऐवजी 2013 च्या कंपनी कायद्याचं 241 वं कलम धरून कंपनी न्यायाधिकरणात जातात. त्यासाठी साधारण एक दशांश भागभांडवल किंवा तेवढ्या संख्येचे सभासद लागतात. आपल्याला बेंगळुरूला जावं लागतं. हेलपाट्यांच्या खर्चातच निम्मे तिसरे चुलतभाऊ गप्प बसतात.

तिसरा अर्थ पुराव्याचा. स्वतः पाहिलेलं सांगितलं तर तो मूळ पुरावा, ‘मला अमुक म्हणाला’ असं सांगितलं तर तो साधित. आपण त्याला ऐकीव पुरावा म्हणतो आणि कोर्ट तो सहसा घेत नाही. एवढं पुरे.

या सगळ्यांत एक सूत्र दिसलं असेल. कायद्यात साधित गोष्ट मुळाच्या बाहेर पाय पसरत नाही. मूळ सडलं की फांदी वाळते.

आता ब्रोकरच्या कागदाकडे येऊ. रायबागकडचा हळदीचा एक शेतकरी धरा. मृगाच्या आसपास लावण केली, फेब्रुवारीत काढणी, मग शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि सांगलीच्या अडत्याकडे न्यायची. त्याला भीती भाव पडण्याची. मसाला कंपनीला भीती भाव चढण्याची. नोव्हेंबरातच दोघं ठरवतात: एप्रिलमध्ये 20 क्विंटल, 14,000 रुपये क्विंटल. एप्रिलमध्ये भाव 11,000 झाला तरी शेतकऱ्याला 14,000 मिळणार. म्हणजे त्याच्या हातातल्या कराराची किंमत 60,000 रुपये. भाव 16,000 झाला तर तोच करार कंपनीला 40,000 रुपयांचा आणि शेतकरी कपाळावर हात मारणार. पण त्यानं नोव्हेंबरपासून रात्री झोप घेतली, तिची किंमत कुठल्या खात्यात धरायची ते ज्यानं त्यानं ठरवावं. 1981 साली निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला होता. माल तयार झाल्यावर भाव दुसऱ्यानं ठरवायचा, ही जखम आपल्याकडे जुनी आहे.

अशा तोंडी किंवा साध्या कागदावरच्या कराराला फॉरवर्ड म्हणतात. बँकेतही तो चालतो. उद्यमबागेतला फाउंड्रीवाला जर्मनीला माल पाठवतो, पैसे 90 दिवसांनी येणार, तेव्हा युरोचा भाव काय असेल कुणास ठाऊक. तो बँकेत जाऊन आजच दर ठरवून घेतो. ‘फॉरवर्ड बुक केला’ म्हणतात तो हाच. त्याच्या धंद्यात ही चैन नव्हे, गरज आहे.

फॉरवर्डची दुखरी नस अशी की समोरचा पलटला तर कोर्टकचेरी. त्यावर उपाय म्हणून वायदा आला, म्हणजे फ्युचर्स. मालाची प्रत, वजन, तारीख सगळं एक्स्चेंज, म्हणजे सौद्यांचा संघटित बाजार, ठरवतं, आपण फक्त भाव बोलतो. समोर कोण आहे हे कळत नाही आणि कळायची गरजही नसते, कारण मधे क्लिअरिंग संस्था उभी असते. ती दोघांकडून मार्जिन, म्हणजे अनामत, घेऊन ठेवते आणि रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या भावानं हिशेब करते. आज भाव तुमच्या विरुद्ध गेला तर आजच पैसे कापले जातात. कल्पना काही आधुनिक नाही. जपानात ओसाकाच्या दोजिमा बाजारात तांदळाच्या अशा सौद्यांना 1730 साली सरकारी मान्यता मिळाली. मुंबईत 1875 पासून कापसाचे वायदे संघटितपणे चालू झाले. हळदीसाठी तर सांगलीत स्वतंत्र वायदे एक्स्चेंज होतं.

तिसरा प्रकार ऑप्शन. इथे संचकार आठवा. थोडी रक्कम देऊन तुम्ही हक्क घेता, बंधन घेत नाही. भाव चढला तर ठरल्या भावात घ्या, नाही चढला तर दिलेली रक्कम सोडा आणि घरी जा. मुंबईच्या जुन्या बाजारात याला सुरेख शब्द होते: घेण्याच्या हक्काला तेजी, विकण्याच्या हक्काला मंदी, आणि आगाऊ दिलेल्या रकमेला नजराणा. आता आपण कॉल, पुट आणि प्रीमियम म्हणतो. संचकार आणि ऑप्शन तंतोतंत एक नाहीत. जमिनीत विकणारा कोर्टात जाऊन ‘ठरल्याप्रमाणे खरेदी कर’ असा आग्रह धरू शकतो, ऑप्शन घेणाऱ्याला तसं कुणी धरत नाही. पण विकणाऱ्याची बाजू नीट बघा. ऑप्शन विकणाऱ्याला नजराणा मिळतो तेवढाच, आणि भाव उलटला तर नुकसान कुठे थांबेल याला कुंपण नाही. ‘रोज थोडे थोडे पैसे सुटतात’ असं सांगणारे बहुतेक हे विकणारे असतात. सुटतात खरे. मग एका दिवशी वर्षाचे सगळे एकदम जातात.

स्वॅप नावाचा चौथा प्रकार बँका आणि मोठ्या कंपन्यांचा. बदलत्या व्याजाच्या बदल्यात ठरावीक व्याज, अशी अदलाबदल. आपल्या रोजच्या जगण्यात तो येत नाही.

आता मूळ काय, हा प्रश्न पुन्हा विचारा. हळदीच्या वायद्याचं मूळ हळद. काकांच्या पोराच्या कागदावर मूळ होतं निफ्टी, म्हणजे 50 कंपन्यांच्या भावांवरून काढलेला एक आकडा, ज्याला इंडेक्स म्हणतात. हा आकडा घरी आणता येत नाही, गोदामात ठेवता येत नाही. दुधाचा कुंदा होतो तेव्हा कुंद्यात दूध असतं. निफ्टीच्या ऑप्शनमध्ये शेअर नावालाही नसतो, असतो फक्त त्यांच्या भावाचा आकडा. आणि म्हणूनच त्याला आडाची मर्यादा नाही. हळद पिकेल तेवढीच पिकते, पण हळदीच्या भावावर किती करार लिहायचे याला हद्द नाही. दोन माणसं तयार झाली की नवा करार जन्मला. जमिनीच्या हक्कात एका आडाला एक पोहरा. बाजारात एका आडावर हजार पोहरे, आणि कैक तर असे की त्यांना पाण्याशी कर्तव्यच नाही, दोर किती हलतो यावर पैसे लागलेले.

वाट फुटते ती इथे.

मग हा जुगार नव्हे काय? हा प्रश्न काकांनीही विचारला, आणि कायद्याला तो दीडशे वर्षं छळतोय. 1872 च्या करार कायद्याचं 30 वं कलम म्हणतं की पैजेचा करार रद्दबातल, त्याचे पैसे कोर्टातून वसूल होत नाहीत. जुन्या मुंबई इलाख्यात तर 1865 च्या कायद्यानं पैजेला जोडून केलेले पोटकरारही रद्दबातल ठरवले होते. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे आपल्या पणज्यांना हाच कडक कायदा लागू होता. 1959 साली सर्वोच्च न्यायालयात घेरुलाल पारख खटला आला. गव्हाच्या भावावर पैजा लावण्यासाठी दोघांनी भागीदारी केली होती. तोटा आला आणि एकानं हात वर केले. न्यायालय म्हणालं, पैज रद्दबातल आहे, पण बेकायदा नाही, तेव्हा भागीदारानं आपला वाटा द्यायला हवा.

करार पैज आहे की खरा व्यवहार, याचा निकष असा होता: माल खरोखर द्यायचा-घ्यायचा इरादा होता की नुसता फरकाचा खेळ? निफ्टीच्या बाबतीत तर माल द्यायचा-घ्यायचा प्रश्नच नाही, नुसता फरकच आहे. त्या निकषानं तो पैजच ठरला असता. म्हणून 1956 च्या रोखे करार कायद्यात 1999 साली दुरुस्ती केली, डेरिव्हेटिव्हची व्याख्या घातली आणि 18-अ हे कलम आणलं. मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर केलेला आणि तिच्या क्लिअरिंगमधून मिटवलेला असा करार वैध, दुसरा कुठलाही कायदा काहीही म्हणो. मग जून 2000 मध्ये मुंबईच्या दोन्ही एक्स्चेंजवर इंडेक्स फ्युचर्स सुरू झाले, वर्षभरात ऑप्शन आले. तेव्हा जुगार आणि व्यवहार यांच्यातली रेघ कायद्यानं स्वभावावर नाही, जागेवर ओढली आहे. तोच सौदा एक्स्चेंजवर केला तर कायदेशीर, आणि पेठेतल्या कुणा ‘डब्बा’वाल्याच्या वहीत केला तर बेकायदा. डब्बेवाल्यानं पैसे बुडवले तर दाद मागायला जागा नाही.

आयकरातला विनोद याहून भारी. सकाळी खरे शेअर्स घेऊन संध्याकाळी विकले तर आयकर खातं त्याला सट्टा म्हणतं. निफ्टीच्या ऑप्शनमधला तोटा मात्र सट्टा नव्हे, धंद्यातला तोटा. त्यामुळे तो वेळेत रिटर्न भरून 8 वर्षं पुढे ओढता येतो. काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. “धंदा?” एवढंच म्हणाले.

धंदा म्हणावा तर आकडे बघा. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला, 2021-22 ते 2023-24. शेअर बाजाराच्या डेरिव्हेटिव्हमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्क्यांना तोटा. एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर, सरासरी माणशी सुमारे 2 लाख, खर्च धरून. पुढच्या वर्षीच्या आकड्यांतही 91 टक्के तोट्यातच होते. कारण समजायला अवघड नाही. इथे एकाचा नफा हा दुसऱ्याचा तोटाच असतो, वर दलाली, कर, एक्स्चेंजचं शुल्क प्रत्येक फेरीला कापलं जातं. समोर बसलेला कोण? मोठ्या संस्थेचा संगणक. त्यात मार्जिनची मोहिनी. 15 लाखांचा वायदा दोन-अडीच लाखांत हातात येतो, म्हणून आपण अडीच लाखांचा खेळ खेळतोय असं वाटतं. इंडेक्स 4 टक्के खाली आला की 60,000 गेले, ते 15 लाखांच्या हिशेबानं गेले. 2024 च्या अखेरीस सेबीनं कराराचा किमान आकार 15 लाखांवर नेला आणि दर आठवड्याला संपणारे करार प्रत्येक एक्स्चेंजला एकाच इंडेक्सपुरते ठेवले. ते आठवड्याचे करार म्हणजे शेवटच्या दिवशीची लॉटरीच झाली होती. दुपारी 40 रुपयांचं ऑप्शन साडेतीनला शून्य.

माझं मत विचाराल तर हळदवाल्याचा आणि फाउंड्रीवाल्याचा डेरिव्हेटिव्ह मला पटतो, कारण त्यांच्या घरात मूळ आहे. हळद आहे, युरो यायचे आहेत. त्यांची एक भीती ते दुसऱ्याला विकतात. ज्याच्या घरात मूळच नाही तो दुसऱ्याची भीती विकत घेतोय. त्यातही पैसे मिळवणारे असतात, पण त्यांना आपण काय विकत घेतोय ते ठाऊक असतं.

काकांच्या पोराचा तोटा 1,84,000 रुपये निघाला. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशातले नव्हते, स्वतःच्या पगारातले होते, एवढं त्यातल्या त्यात बरं. रानाशी त्याचा काही संबंध नव्हता. काकांना ते दोन-तीनदा सांगावं लागलं. मग त्यांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला आणि म्हणाले, “म्हंजे रान सुटलं म्हणा की.”

मी वकिलाच्या अभिप्रायाचं पहिलं पान उलटलं, जे त्यांनी उलटलंच नव्हतं. दुसऱ्या पानावर गोल नव्हता, पण तो तिथे हवा होता. जमीन काकांच्या वडिलांनी 1961 साली रीतसर खरेदी केलेली. वडील 1993 मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. नंतर आईही गेली. वारस दोन: काका आणि त्यांची बहीण. उताऱ्यावर नाव एकट्या काकांचं. बहिणीनं 1996 साली वीस रुपयांच्या बाँडवर हक्कसोड लिहून दिलेली, पंच म्हणून गावातल्या दोघांच्या सह्या, आणि नोंदणी नाही. जमिनीचा हक्क सोडण्याचा कागद नोंदवलेला नसेल तर कायद्यापुढे त्याचा उपयोग नाही. म्हणजे आडात निम्मंच पाणी होतं, आणि बँकेनं त्यावर बोट ठेवलं होतं. रानावर संचकार आला असेल तर तो या पानावरून, पोराच्या कागदावरून नव्हे.

काका काही बोलले नाहीत. पोराचा कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला आणि स्वतःचा घडी करून खिशात ठेवला.

“आक्का गडहिंग्लजला दिलेली हाय,” ते उठताना म्हणाले. “संकेश्वरातनं शेवटची गाडी कितीला आसती की?”